‘स्टॅमिना’ शब्दाचा गुंता : फुटसाल आणि दमसासाच्या सरावाची पार्श्वभूमी

पुण्यात फुटसाल, म्हणजे छोट्या कोर्टवरचे पाच-पाच जणांचे फुटबॉल, खेळणाऱ्या मुलाचा दम उत्तरार्धात तुटू लागला, की त्याला ठरलेला सल्ला मिळतो : पहाटे वेताळ टेकडीवर पळायला जा, पर्वतीच्या पायऱ्या चढ, स्टॅमिना वाढेल. या सल्ल्यामागे लांब पल्ल्याच्या धावण्याची परंपरा आहे. वेगवान धाव आणि संथ पळणे आलटूनपालटून करण्याची रीत १९३० च्या दशकात जर्मनीत आकाराला आली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये अशाच सरावावर तयार झालेल्या एका चेकोस्लोव्हाक धावपटूने तीन सुवर्णपदके जिंकली. १९६८ मध्ये अमेरिकी हवाई दलातील एका डॉक्टरांची १२ मिनिटे धावण्याची चाचणी प्रसिद्ध झाली. सोपी आणि बिनखर्चाची असल्याने ती मैदानोमैदानी रुळली आणि १२ मिनिटांत कापलेले अंतर म्हणजेच स्टॅमिना, असे समीकरण डोक्यात बसले.

सगळा घोळ या शब्दात आहे. न थांबता पळत राहण्याची ताकद आणि एका स्प्रिंटनंतर पुढच्या स्प्रिंटसाठी पटकन सावरण्याची ताकद, या दोन वेगळ्या गोष्टी आपण एकाच नावाने ओळखतो. फुटसालचे कोर्ट साधारण ४० बाय २० मीटरचे, गोलरक्षक सोडून खेळाडू चारच आणि सत्रे २० मिनिटांची दोन. खेळाडू एका वेळी जेमतेम दोन-तीन सेकंद जीव तोडून धावतो. त्या धावेची बरीचशी ऊर्जा स्नायूंतील फॉस्फोक्रिएटीन या झटपट ऊर्जा देणाऱ्या साठ्यातून येते आणि तिला प्राणवायू लागत नाही. रिकामा झालेला साठा पुन्हा भरायला मात्र प्राणवायूच लागतो. म्हणजे या खेळात एरोबिक क्षमतेची, म्हणजे प्राणवायू वापरून ऊर्जा मिळवण्याच्या ताकदीची, खरी कसोटी दोन धावांच्या मधल्या त्या थोड्या सेकंदांत लागते. फसलेल्या काउंटर अटॅकनंतर (प्रतिहल्ल्यानंतर) पिव्हट, म्हणजे सर्वांत पुढे खेळणारा आक्रमक, गुडघ्यांवर हात टेकून उभा राहतो आणि उरलेले तिघे त्याच्याशिवाय बचावाला परततात, तेव्हा त्याला हेच सावरणे कमी पडलेले असते. टेकडीवरच्या तासाभराच्या संथ पळण्याने पाया पक्का होतो, पण या सावरण्याचा सराव त्यात होत नाही.

हा फरक आधी चाचण्यांनी ओळखला. १९९० च्या दशकात डेन्मार्कमध्ये तयार झालेल्या चाचणीत २० मीटर जाऊन-येऊन धावल्यावर १० सेकंदांची विश्रांती आली, आणि थांबून पुन्हा धावणे हाच मोजण्याचा विषय झाला. २००८ मध्ये स्पॅनिश व्यावसायिक फुटसालपटूंच्या सामन्यांतील नोंदी प्रसिद्ध झाल्या, तेव्हा हृदयगतीची सरासरी कमाल गतीच्या ९० टक्क्यांच्या आसपास असल्याचे दिसले.

त्याआधी २००१ मध्ये नॉर्वेतील तरुण फुटबॉलपटूंवरचा प्रयोग गाजला होता. कमाल हृदयगतीच्या ९० ते ९५ टक्क्यांवर चार मिनिटांच्या चार धावा, मध्ये तीन मिनिटे हळू पळणे, आठवड्यातून दोनदा, असे आठ आठवडे चालले आणि त्यांची कमाल प्राणवायू ग्रहणक्षमता ५८ वरून ६४ मिलिलिटरपर्यंत (दर किलो वजनामागे दर मिनिटाला) गेली. लगेचच तिथेच असेही दाखवले गेले, की चेंडू घेऊन ड्रिबलिंग करताना किंवा छोट्या गटांत खेळतानाही हृदयगती ९० टक्क्यांच्या वर नेता येते. मग नुसते पळायचे कशाला, हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही.

पुण्यात या वादाचा निकाल बऱ्याच अंशी टर्फच्या, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानाच्या, भाड्याने लावला. तासावर घेतलेल्या, जाळीने वेढलेल्या टर्फवर मुलांना नुसते पळवणे कुणालाच परवडत नाही, त्यामुळे तीन-विरुद्ध-तीनचे चार-चार मिनिटांचे डाव सुरू झाले. ते योग्यच झाले, असे माझे मत आहे. मात्र अशा डावात कोपरा धरून पासची वाट पाहणारा खेळाडू अर्ध्या मेहनतीत सुटतो आणि ज्याचा दमसास मुळातच चांगला आहे, त्याची हृदयगती हव्या त्या पातळीला पोहोचत नाही. या दोघांना डाव संपल्यावर टर्फच्या लांबीवर घड्याळ लावून १५ सेकंद धाव आणि १५ सेकंद विश्रांती असे वेगळे पळवावेच लागते. उरलेल्यांसाठी जाणकार प्रशिक्षक टर्फची जागा खुणेचे शंकू (कोन) ठेवून आखडतात किंवा मोकळी करतात आणि दोन्ही गोलांमागे राखीव चेंडू ठेवतात, म्हणजे गोल झाला तरी खेळ थांबत नाही.