टेंडर, साडेबारा आणि गावठाण : नवी मुंबईतल्या घरांच्या भावाची पार्श्वभूमी

घणसोलीत किंवा कोपरखैरण्यात घर बघायला गेलात, तर एजंट पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकतो : टेंडरचं आहे, साडेबाराचं आहे, नाहीतर गावठाणातलं आहे. कार्पेट किती, पार्किंग मिळणार का, हे सगळं त्यानंतर. रस्ता तोच, स्टेशन तेच, मुलांची शाळाही तीच. तरी या तीन शब्दांनी भावात जेवढा फरक पडतो तेवढा पुष्कळदा दोन स्टेशनांच्या अंतरानेही पडत नाही. सेतू, मेट्रो आणि विमानतळ यांच्या बातम्यांत हा मुद्दा गेल्या काही वर्षांत मागे पडला आहे. इमारतीखालची जमीन कोणाकडून कोणाकडे कशी गेली, हे कळल्याशिवाय इथले भाव कळत नाहीत.

खाडीवरचा पहिला पूल, 1992 साली वाशीत आलेली लोकल, मुंबईतून तुर्भ्याला हललेले घाऊक बाजार, हा भाग वाचकांना ठाऊक आहे. इथे एकच गोष्ट लक्षात ठेवायची. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन घेऊन सुमारे 344 चौरस किलोमीटरचं शहर आखलं गेलं आणि त्यातल्या बहुतेक जमिनीचा मालक एकच राहिला, सिडको हे सरकारी महामंडळ. शेजारच्या ठाण्यात असं झालं नाही. तिथे माजिवडे, कोलशेत, पोखरण रोडवरच्या कारखान्यांच्या जमिनी आणि घोडबंदर पट्ट्यातली शेतं ज्याच्या त्याच्या सातबाऱ्यावर होती. कारखाना बंद झाला, जमीन बिल्डरकडे गेली, टॉवर उभा राहिला. ठाण्यातला ग्राहक टायटल वकिलाकडून बघून घेतो आणि मग घोडबंदरच्या ट्रॅफिकचा विचार करतो. नवी मुंबईतल्या ग्राहकाने आधी प्लॉटची जात विचारायची असते. जात हा शब्द इथल्या बोलण्यातला आहे, म्हणून वापरला.

सुरुवातीची घरं महामंडळाने स्वतः बांधली आणि विकली. ए टाइप, बी टाइप, जेएन टाइप अशी नावं असलेल्या त्या चाळवजा इमारतींत मुंबईतल्या खोल्या सोडून माणसं आली. यायला कोणी फारसं तयार नसल्यामुळे भाव कमी होते. याच जेएन टाइपच्या छतांचे पुढे पोपडे पडू लागले आणि वाशीच्या सेक्टर 9-10 मधल्या लोकांनी वर्षानुवर्षं पुनर्विकासाची वाट पाहिली. वाढीव चटईक्षेत्राचा निर्णय 2015 साली झाला. तोवर एक पिढी डोक्यावर प्लास्टर पडेल या भीतीत झोपली.

आता साडेबारा.

या शब्दाबद्दल जेवढा गोंधळ आहे तेवढा नवी मुंबईच्या जमिनीत दुसऱ्या कशाबद्दल नसेल. मूळ अर्थ सरळ आहे : ज्याची जमीन शहरासाठी घेतली, त्याला घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत द्यायचा. ही मेहेरबानी नव्हती. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी उरण तालुक्यात कवडीमोल मोबदल्याविरुद्ध शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मारले गेले. जासईत त्यांचं स्मारक आहे आणि दर जानेवारीत तिथे माणसं जमतात. त्या रक्तातून हा हक्क आला. प्रत्यक्ष योजना मात्र 1990 साली आली आणि 1994 मध्ये तिच्यात फेरबदल झाले. म्हणजे 1970 च्या दशकात भातशेती गेलेल्या माणसाला योजना कागदावर उतरायलाच वीस वर्षं थांबावं लागलं. कागदावरून प्लॉटपर्यंत यायला अनेकांची आणखी दहा-पंधरा वर्षं गेली.

हिशोब करून बघा. एक एकर म्हणजे 40 गुंठे, सुमारे 4,047 चौरस मीटर. त्याचे साडेबारा टक्के होतात 506 चौरस मीटर. एवढे हातात येत नाहीत. मूळ जमिनीच्या 3.75 टक्के सार्वजनिक सोयींसाठी कापले जातात आणि उरतात 8.75 टक्के, म्हणजे 354 चौरस मीटर. त्यावर दीड एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या दीडपट बांधकाम, धरला तर 531 चौरस मीटर बांधकाम. चार भावंडं आहेत आणि निम्मं बांधकाम बिल्डरला दिलं असं समजा. प्रत्येकाच्या वाट्याला 66 चौरस मीटर येतात, बिल्टअप धरून एक बेताचा टू बीएचके. एका एकराच्या शेतीचं, मिठागराच्या नाहीतर खाडीच्या उत्पन्नासकट, हे उत्तर आहे. म्हणूनच कापलेले पावणेचार टक्के परत मिळावेत ही मागणी गावांतून अजून होते आणि ती रास्त आहे असं मला वाटतं. ज्या शाळा-मैदानांसाठी ती कपात झाली, त्या सोयी सगळ्या शहरासाठी आहेत. त्यांचा भार जमीन गमावलेल्यांवरच का पडावा?

या सगळ्या वर्षांत ‘फाइल’चा धंदा वाढला. प्लॉट अजून मिळालेला नाही, पात्रता ठरली आहे किंवा ठरायची आहे, घरात लग्न आहे, आजारपण आहे. अशा वेळी कोणीतरी येऊन रोख पैसे देतो आणि फाइल घेतो. पुढच्या फेऱ्या तो मारतो, सोडतीत नंबर त्याच्या माणसाच्या हातात येतो. नोव्हेंबर 2004 मध्ये ठाणे ते वाशी लोकल सुरू झाली आणि ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे ही नावं स्टेशनांची झाली, तेव्हा तिथल्या कितीतरी प्लॉटांत मूळ शेतकरी उरलाच नव्हता. गावातली माणसं नंतर लोभाने जमिनी विकून बसली असं सहज बोललं जातं. कोणत्या वर्षी, कोणत्या अडचणीत आणि स्टेशनच्या किती आधी त्यांनी विकलं, हे बोलणाऱ्यांनी कधी विचारलेलं नसतं.

कोपरखैरण्यातल्या अशाच एका प्लॉटचा त्रिपक्षीय करारनामा मी पूर्ण वाचला आहे. एका बाजूला महामंडळ, दुसऱ्या बाजूला मूळ खातेदाराचे वारस, तिसऱ्या बाजूला बिल्डर. खातेदार गेलेले, म्हणून आधी वारस दाखला. वारसांची सतरा नावं, त्यात लग्न होऊन गेलेल्या मुलींची सासरची आडनावं आणि कंसात माहेरची. काही सह्या, बाकीचे अंगठे. एका नावापुढची जागा रिकामी सोडून नंतर वेगळ्या शाईत अंगठा घेतलेला. त्या एका अंगठ्यासाठी बांधकाम आठ महिने थांबलं होतं, असं सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं.

इथूनच शब्दाचा दुसरा अर्थ सुरू होतो. एजंट ‘साडेबाराचं’ म्हणतो तेव्हा योजनेबद्दल बोलत नसतो, इमारतीबद्दल बोलत असतो. प्लॉट लहान, म्हणून इमारत चार-पाच मजली, खाली दुकानं, जुनी असेल तर लिफ्ट नाही आणि पार्किंगला चार गाड्यांची जागा. भाव टेंडरच्या, म्हणजे महामंडळाने निविदेने विकलेल्या प्लॉटवरच्या, इमारतीपेक्षा कमी. घेणाऱ्याच्या मनात भीती असते की उद्या एखादा वारस उभा राहील, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आली नसेल, बँक कर्ज देणार नाही. खरं तर त्रिपक्षीय करार झालेला असेल, ओसी असेल, तर हे टायटल टेंडरच्या प्लॉटपेक्षा कमी दर्जाचं नाही. दोन्हींचा मालक महामंडळच, दोन्ही 60 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. फ्लॅट विकताना हस्तांतरणाची परवानगी आणि शुल्क दोन्हींना. गॅलरी बंद करून खोली काढली, ओसी न घेताच ताबा दिला, हे दोष बिल्डरांचे होते. बाजारात ते गावाच्या नावावर जमा झाले आणि भूमिपुत्राच्या वाट्याला आलेला फ्लॅटही स्वस्तात विकला जाऊ लागला. रेडी रेकनर, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठीचा सरकारी दरतक्ता, दर विभागानुसार ठरवतो, प्लॉट टेंडरचा की साडेबाराचा हे तो विचारत नाही. त्यामुळे स्वस्त घर घेणाऱ्याला मुद्रांक शुल्कात त्या स्वस्ताईचा लाभ मिळत नाही.

तिसरा शब्द गावठाण. शहर आखताना गावांभोवती वाढीला जागा ठेवली नाही. घरं वाढली, मुलांची लग्नं झाली, वर मजले चढले, शेजारी भाड्याच्या खोल्या झाल्या. त्यांना सरकारी भाषेत ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात. त्याच नावाखाली पुढे सात-आठ मजली इमारतीही उठल्या आणि नोटरीच्या करारावर फ्लॅट विकले गेले. दोन्ही गोष्टी एकाच तराजूत टाकल्या गेल्या हा मोठा अन्याय आहे. दिघ्यात 2015-16 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने इमारती पाडायला सुरुवात झाली, तेव्हा घर गेलं ते आयुष्यभराची पुंजी घालून फ्लॅट घेतलेल्या नोकरदारांचं. गावठाणापासून 250 मीटरपर्यंतची गरजेपोटीची बांधकामं नियमित करण्याचा निर्णय 2022 मध्ये झाला. तरी आजही गावातला वन आरके कमी भावात मिळतो त्याचं कारण साधं आहे : बँक तिथे कर्ज देत नाही, आणि कर्जाशिवाय घेऊ शकणारा ग्राहक थोडा.

टेंडरचे प्लॉट मोठे, टॉवर उंच, पाम बीच रोडसारख्या जागा. निविदेत सर्वांत जास्त बोली लावणाऱ्याला जमीन जाते. त्या पैशातून रस्ते, स्टेशनं, मेट्रो होते, हे मान्य. पण एका सेक्टरमध्ये विक्रमी बोली लागली की आठवड्याभरात शेजारच्या जुन्या सोसायट्यांतले विक्रेतेही भाव वाढवून सांगतात. शहरात जमिनीचा एकच मोठा विक्रेता असला आणि तो लिलावाने विकत असला, तर भावाचा पायंडा तोच पाडतो.

जुन्या आणि नव्या भावांची तुलना करताना एक चूक हमखास होते. मे 2017 मध्ये स्थावर संपदा कायदा (रेरा) पूर्ण लागू झाला आणि विक्री कार्पेटवर आली. त्याआधी खारघर, कामोठ्यात सुपर बिल्टअपवर, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून, दर सांगत. कागदावर साडेसहाशे फूट आणि घरात खाट लावली की चालायला जागा नाही. तेव्हाचा प्रति चौरस फूट दर आजच्या दराशेजारी ठेवला तर वाढ आहे त्यापेक्षा खूप मोठी दिसते. 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबर काळातली मुद्रांक शुल्काची 3 टक्के सवलतही लक्षात घ्यावी लागते. करोनात थांबलेली खरेदी त्या चार महिन्यांत एकदम झाली आणि निबंधक कार्यालयांत रांगा लागल्या. एप्रिल 2025 पासून रेडी रेकनर वाढला, तेव्हा मुंबई वगळता राज्याची सरासरी वाढ 4.39 टक्के होती, नवी मुंबईची 6.75 आणि ठाण्याची 7.72.

विमानतळाशेजारच्या उलव्यात एकच बातमी अनेकदा विकली गेली. विमानतळाला 2007 मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली तेव्हा होर्डिंग लागली. 2018 च्या फेब्रुवारीत भूमिपूजन झालं तेव्हा पुन्हा लागली. उद्घाटन झालं ते 8 ऑक्टोबर 2025 रोजी, आणि प्रवासी विमानं 25 डिसेंबरपासून उडू लागली. पहिल्या होर्डिंगवर विसंबून घर घेणाऱ्याच्या कर्जाचे अठरा वर्षांचे हप्ते तोवर गेले होते. मधल्या काळात उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठली. त्यांना साडेबाराऐवजी साडेबावीस टक्क्यांचा हिशोब मिळाला. म्हणजे आधीचा हिशोब कमी होता, हे सरकारनेच मान्य केलं. शिवडी-न्हावाशेवा सेतू आणि खारकोपरच्या पुढे उरणपर्यंतची लोकल, दोन्हींचं उद्घाटन 12 जानेवारी 2024 रोजी झालं. सेतूला कारचा एकेरी टोल 250 रुपये. रोज सेतूने जाणारा आणि रोज लोकलने जाणारा हे उलव्यातले दोन वेगळे ग्राहक आहेत आणि भाव वाढला तो पहिल्याच्या ऐपतीने.

गेल्या दोन वर्षांत सर्वांत जास्त संताप झाला तो महामंडळाच्या स्वतःच्या घरांवर. ऑक्टोबर 2024 मध्ये 26,000 घरांची योजना आली. लोकांनी आवडीची जागा निवडून अर्ज केले आणि किंमत नंतर, जानेवारी 2025 मध्ये कळली. वाशीतलं अल्प उत्पन्न गटाचं घर सुमारे 74 लाख, खारघर स्टेशनजवळचं सुमारे 97 लाख. सरकारी जमीन, सरकारी बांधकाम, गटाच्या नावात ‘अल्प उत्पन्न’ आणि किंमत जवळपास कोटीच्या घरात. हप्ता किती येईल याचा हिशोब करून अनेकांनी माघार घेतली. ज्या शहराची सुरुवात मुंबईतल्या नोकरदाराला परवडणारं घर देण्यासाठी झाली, तिथे हे व्हावं याचं फार वाईट वाटतं.

वाशीच्या सुरुवातीच्या सेक्टरांतले भाडेपट्टे 1970 च्या दशकातले आहेत. त्यांची 60 वर्षं 2030 नंतर एकेक करून भरू लागतील. 2018 च्या अखेरीस भाडेपट्टा 99 वर्षांपर्यंत वाढवण्याचा निर्णय झाला तेव्हा बातम्यांत ‘फ्री होल्ड’ असा मथळा आला आणि तोच शब्द एजंटांच्या तोंडी बसला, पण 99 वर्षांचा असला तरी तो भाडेपट्टाच. पुनर्विकासाच्या बैठकांत आता ज्यादा एरिया आणि कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारा निधी) यांच्या आधी कोणीतरी सोसायटीचा मूळ करार मागून घेतो आणि त्यावरची तारीख वाचतो.