कोळंबीचा एक डोळा

‘शेतातल्या कोळंबीला हार्मोनची इंजेक्शनं देतात, खाऊ नका’ हा संदेश मला वर्षातून दोनदा तरी येतो. खाली ‘सर्वांना पाठवा’ असतंच. गंमत म्हणजे हॅचरीत, म्हणजे कोळंबीचं बीज (पिल्लं) तयार करणाऱ्या केंद्रात, सर्रास घडतं ते नेमकं उलट. तिथे हार्मोन टोचत नाहीत, तो बनवणारी जागाच काढून टाकतात. ही जागा असते डोळ्याच्या देठात.

या देठात एक्स-ऑर्गन नावाचा चेतापेशींचा पुंजका असतो. त्याने बनवलेली हार्मोन्स शेजारच्या सायनस ग्रंथीत साठतात आणि तिथून रक्तात सुटतात. त्यातलं एक अंडाशयाला आवरून धरतं. समुद्रात सगळं मनासारखं जमलं की त्याचा जोर ओसरतो, व्हायटेलोजेनिन हे प्रथिन तयार होऊ लागतं आणि अंड्यात बलक भरतो. टाकीत मात्र लगाम आवळलेलाच राहतो, ब्लॅक टायगर या जातीच्या बाबतीत तर हमखास. मग कामगार मादीला हातात धरून तिचा एक देठ चिमट्याने चेचतो किंवा दोऱ्याने आवळतो. साधारण आठवड्याभरात टॉर्चच्या उजेडात तिच्या पाठीत अंडाशयाचा गडद पट्टा दिसू लागतो.

हा परिणाम पानूझ या फ्रेंच संशोधकाने १९४३ सालीच दाखवला होता. एकच डोळा का? कारण त्याच देठात कात टाकणं रोखणारं हार्मोन असतं आणि रक्तातली साखर सांभाळणारंही. दोन्ही देठ गेले तर मादी फार काळ तगत नाही. एक गेला तरी हिशेब बिघडतोच. अंडी झटपट मिळतात, पण मादी लवकर थकते.

आशियातल्या कोळंबीच्या व्यापारावर टीका होते ती बहुतेक तिवरांच्या तोडीवरून आणि थायलंडच्या बोटींवरच्या वेठबिगारीवरून. ती रास्तच आहे. पण भारतात २००९ साली व्हनामी या कोळंबीच्या दुसऱ्या जातीच्या शेतीला परवानगी मिळाली, तिच्या जनक माद्या परदेशातून विमानाने येऊन चेन्नईत विलगीकरणात राहतात, आणि त्यांच्या पुढच्या प्रवासाबद्दल फारसं कुणी विचारत नाही. पाकिटावरच्या ‘शाश्वत’ या शब्दाला मी तरी लगेच भुलत नाही. तो तलावापुरता आहे की हॅचरीपर्यंत जातो, ते आधी बघावं.

‘कोळंबीला कुठे दुखतं?’ असं विचारणाऱ्यांसाठी २००४ सालचा एक प्रयोग आहे. व्हनामीच्या देठाला आधी बधिर करणारं औषध लावलं, तर कापल्यानंतरचा ताण कमी दिसला. याला वेदना म्हणायचं का, यावर वाद घाला. काहीच जाणवत नाही, असं मात्र म्हणता येत नाही.

युरोपीय संघाच्या सेंद्रिय नियमांत देठ कापायला बंदी आहे. स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठातल्या संशोधकांना तर न कापलेल्या व्हनामी माद्यांची पिल्लं रोगजंतूंपुढे अधिक तगडी आढळली. अडचण खर्चाची आहे. तितकंच बीज हवं तर जास्त माद्या पाळाव्या लागतात, आणि ब्लॅक टायगर तशीही दाद देत नाही. तिच्यासाठी थायलंडच्या माहिडोल विद्यापीठात वेगळी वाट शोधली गेली. अंडाशय रोखणाऱ्या हार्मोनच्या जनुकाचा निरोप दुहेरी धाग्याच्या आरएनएने मध्येच गाठून मोडायचा. लगाम सुटतो, डोळा शाबूत राहतो.

हा आरएनए मात्र त्या प्रयोगांत टोचून दिला गेला. संदेशवाल्यांना अखेर एक इंजेक्शन सापडलं म्हणायचं!