खुब्याचे हाड आणि गोळ्यांची पिशवी

घरात पडून खुब्याचे हाड मोडलेल्या आजोबांना रुग्णालयात आणतात, तेव्हा एक्स-रेच्या पाकिटाबरोबर गोळ्यांची एक प्लास्टिकची पिशवीही टेबलावर रिकामी होते. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या, ॲसिडिटीच्या, झोपेच्या अर्धवट वापरलेल्या पट्ट्या तिच्यातून निघतात आणि एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दोनदा चालू असल्याचे कधीकधी तेव्हाच उघडकीस येते. रोज पाच किंवा अधिक औषधे घेण्याला सामान्यतः ‘पॉलिफार्मसी’ म्हणतात. प्लेट, रॉड किंवा कृत्रिम सांधा बसवला की काम झाले, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु रुग्ण पुन्हा चालू लागण्यात या पिशवीचाही मोठा वाटा असतो.

पडून राहिल्याने न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात आणि स्नायू झपाट्याने झिजतात. म्हणून शक्यतो शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी रुग्णाला वॉकर धरून उभे करतात. आपण उभे राहतो, तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाच्या खालच्या भागात आणि पायांत उतरते, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते व दाब घसरू लागतो. मानेतील कॅरोटिड धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाबाची नोंद घेणारी मज्जातंतूंची टोके असतात. धमनीची भिंत सैलावताच त्यांचे संदेश विरळ होतात. ते ओळखून मेंदूच्या तळाशी असलेली लंबमज्जा हृदयाचा वेग वाढवते आणि रक्तवाहिन्या आवळते. हे सारे काही सेकंदांत घडते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही, ही मला शरीरातील अत्यंत देखणी व्यवस्था वाटते.

वयाबरोबर ती मंदावते, आणि गोळ्या तिच्या एकेका पायरीवर आड येतात. लघवी वाढवणारी गोळी शरीरातील पाणी कमी करते, रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी दिलेले बीटा ब्लॉकर हे औषध हृदयाला वेग घेऊ देत नाही, प्रोस्टेटसाठी दिलेले टॅम्सुलोसिन काही अंशी रक्तवाहिन्यांचे आवळणेही रोखते. त्यात शस्त्रक्रियेतील रक्तस्राव. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा दाब २० किंवा खालचा १० मिलिमीटरने उतरला, की डोळ्यांपुढे अंधारी येते, आजोबा खाली बसतात आणि त्या दिवसाचा व्यायाम बुडतो.

झोपेच्या गोळीचा हिशेब निराळा. डायझेपाम चरबीत विरघळते आणि उतारवयात शरीरातील चरबीचे प्रमाण वाढलेले असते; त्यामुळे विशीत सुमारे २० तासांत निम्मे होणारे हे औषध ऐंशीत त्याच्या चौपट वेळ रेंगाळते. त्यावर वेदनाशामक ट्रॅमाडॉलची गुंगी चढली, की रुग्ण रात्री असंबद्ध बोलू लागतो, सलाईन उपसतो. अशा वेळी बाहेरची बाधा समजून दृष्ट काढत बसणे घातक आहे. हा डेलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक उद्भवणारा मेंदूचा गोंधळ असतो आणि औषधे, जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियमची घट अशी त्याची कारणे तातडीने शोधावी लागतात.

मात्र नातेवाइकांनी परस्पर गोळ्या बंद करू नयेत. बीटा ब्लॉकर एकाएकी थांबवल्यास हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. कोणती गोळी कशासाठी सुरू झाली, हे डॉक्टरांबरोबर बसून एकेक करून तपासावे. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिन या गोळीने पाय सुजले, सूज उतरावी म्हणून लघवीची गोळी आली आणि त्या लघवीसाठीच आजोबा मध्यरात्री अंधारात उठले होते, असेही त्या तपासणीत निघू शकते. आणि तीच गोळी डिस्चार्ज कार्डावर पुन्हा लिहिलेली असू शकते.