खिडकीभोवतीची ओल व तिची दुरुस्ती

खिडकीची चौकट, कट्टा आणि लगतची भिंत यांत पाणी मुरून झालेली खराबी शोधणे व काढणे, हे घरदुरुस्तीतले एक नेहमीचे काम. रंगाला फुगे येणे, पोपडे सुटणे, गिलाव्यावर पांढरा लोणा (वर आलेले क्षार) फुटणे, बुरशी धरणे, लाकडी चौकटीचा खालचा कोपरा भुसभुशीत होणे ही त्याची लक्षणे. डाग दिसतो तिथेच पाणी शिरते असे मात्र नसते. लिंटेलच्या, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या काँक्रीट तुळईच्या, भेगेतून आत आलेले पाणी चौकटीच्या कडेने उतरून थेट कट्ट्यापाशी प्रकट होऊ शकते.

म्हणून आधी उगम शोधावा लागतो. पावसानंतर वाढणारी ओल बहुधा बाहेरून आलेली असते. कोरड्या थंडीत रात्री काच आतून घामेजत असेल, तर तो खोलीतल्याच वाफेचा प्रताप. तिथे फटी बुजवून उपयोग नाही, हवा खेळती करावी लागते. बाहेरून येणाऱ्या पाण्याचा माग नळीने काढतात. पाणी सोडायची सुरुवात खालून, कट्ट्यापासून करायची, प्रत्येक टप्प्यावर काही मिनिटे थांबायचे आणि मगच वर सरकायचे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच सांध्यांवरून ओघळते आणि दोषी सांधा कोणता ते कळत नाही.

पुष्कळदा मूळ दोष कट्ट्यातच असतो. त्याला बाहेरच्या बाजूस उतार हवा आणि पुढे आलेल्या कडेच्या खालच्या अंगाला कडेला समांतर अशी एक सलग खाच हवी. पाण्याचा थेंब पृष्ठताणामुळे खालच्या पृष्ठभागाला चिकटून भिंतीकडे सरकत जातो. खाच लागली की तो तिथेच सुटून खाली पडतो. ही बोटभर रुंदीची खाच गिलावा करताना किंवा रंगाच्या थरांखाली बुजली, की भिंत ओली राहू लागते. सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीत हेच काम रुळाची बारीक निचरा-छिद्रे करतात. गळती थांबवण्याच्या उत्साहात तीच सीलंटने (सांधे बुजवायच्या लवचीक लेपाने) बंद केलेली आढळतात. मग रूळ भरतो आणि पाणी आतल्या बाजूला सांडते.

चौकट व भिंत यांच्यामधला जुना सीलंट पूर्ण खरवडून काढतात, कारण जुन्यावर ओढलेला नवा थर धरत नाही. फट खोल असेल तर आधी फोमची दोरी दाबून मग सीलंट भरतात. साध्या सिलिकॉनवर रंग बसत नाही. सांधा रंगवायचा असल्यास रंग धरणारा सीलंट घेतात.

आतला गिलावा ठोकून पाहतात. बद्द वाजेल तेवढा भाग, पक्का गिलावा लागेपर्यंत, काढतात. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा. धुतला तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात. नव्या सिमेंट गिलाव्याला निदान 7 दिवस पाणी मारावे लागते आणि नंतर तो पुरता वाळू द्यावा लागतो. घाई नडते ती इथेच: ओलसर गिलाव्यावर पुट्टी-रंग चढवला की काही दिवसांत फुगे परत येतात.

लाकडातल्या ओलाव्याचे प्रमाण सतत 20 टक्क्यांहून अधिक राहिले तर ते कुजू लागते. टोच्या सहज आत घुसला, तर तेवढा भाग कापून नवा तुकडा सांधतात. वरवरच्या कुजीला इपॉक्सी भरण चालते. लिंटेलमधल्या सळईला गंज चढून काँक्रीट फुटत असेल, तर मात्र ते रंगाऱ्याचे काम उरत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि भेग रुंदावत जाते, त्यामुळे अशा ठिकाणी स्थापत्य अभियंत्याकडून तपासणी करून घेतात.