व्हल्कन: आधी रहिवासी, मग ग्रह

‘स्टार ट्रेक’ ही अंतराळसफरींची टीव्ही मालिका अमेरिकेत सुरू झाली ८ सप्टेंबर १९६६ला. टोकदार कानांचा, भावनांना थारा न देणारा स्पॉक त्या पहिल्या भागापासून होता, पण त्याचा ग्रह प्रेक्षकांना दिसायला आणखी वर्ष जावं लागलं. तोवर व्हल्कनबद्दल जे काही कळलं, ते स्पॉककडे बघून किंवा त्याच्या तोंडून. पहिल्याच भागात यानावरची त्याची सहकारी उहुरा त्याच्याशी लाडीगोडीने बोलत व्हल्कनवरच्या चांदण्या रात्रींचा विषय काढते आणि हा कोरडेपणाने सांगतो की व्हल्कनला चंद्रच नाही. एप्रिल १९६७च्या एका भागात प्रखर प्रकाशाने स्पॉक आंधळा होतो. तो कायमचा आंधळा राहिला तर मालिकाच अडली असती, म्हणून त्याला डोळ्यांत आतली एक जादा पापणी देण्यात आली. अशी पापणी का असावी? तर त्याच्या ग्रहावरचं ऊन फार कडक. पटकथेची अडचण सुटली आणि जाता जाता ग्रहाचं हवामानही ठरलं.

खरं तर मूळ योजनेत हा ग्रह नव्हताच. मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी याने १९६४मध्ये जो पहिला आराखडा लिहिला, त्यात स्पॉक बहुधा अर्धा मंगळवासी होता. पुढे मंगळ मागे पडला आणि व्हल्कन हे नाव आलं. सुरुवातीच्या काही भागांत तिथल्या लोकांना ‘व्हल्कनियन’ म्हटलेलं ऐकू येतं, इतकं सगळं अजून कच्चं होतं.

एखाद्याच्या वागण्यावरून न दिसणाऱ्या ग्रहाचा अंदाज बांधणं या नावाला मात्र नवं नव्हतं. फ्रेंच गणिती अर्बें ल व्हेरिए याने युरेनसच्या चालीतल्या गडबडीवरून नेपच्यून कुठे असेल ते सांगितलं होतं आणि १८४६मध्ये तो सापडलाही. मग बुधाची कक्षा हळूहळू फिरते, त्यातला काही भाग न्यूटनच्या गणितात बसेना, तेव्हा १८५९मध्ये त्याने तोच डाव पुन्हा टाकला: बुधाच्याही आत काहीतरी फिरत असणार. लेस्कार्बो नावाच्या एका गावाकडच्या डॉक्टरने कळवलं की सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका सरकताना आपण पाहिलाय. ल व्हेरिए थेट त्याच्या घरी धडकला, उलटतपासणी घेतली आणि त्याचं समाधान झालं. त्या ग्रहाला रोमनांच्या अग्निदेवाचं नाव मिळालं, व्हल्कन. डॉक्टरला सरकारी सन्मान मिळाला. १८७८च्या खग्रास सूर्यग्रहणात दोघा अमेरिकन निरीक्षकांनी तो दिसल्याचं जाहीर केलं, पण ते टिकलं नाही. नोव्हेंबर १९१५मध्ये आइन्स्टाइनने बुधाच्या कक्षेतला शतकाला ४३ विकलांचा (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) फरक नव्या गुरुत्वसिद्धान्तातून काढून दाखवला, आणि ग्रहाची गरजच संपली.

टीव्हीवरचा व्हल्कन पहिल्यांदा दिसला तो १५ सप्टेंबर १९६७ला, दुसऱ्या हंगामाच्या पहिल्या भागात. पटकथा थिओडोर स्टर्जन या विज्ञानकथालेखकाची. स्टुडिओतच उभारलेले खडक, मागे तांबडं आभाळ, बास. मालिकेचं बजेट बेताचंच होतं. पण आजही व्हल्कन म्हटलं की तेच तांबडं आभाळ डोळ्यांपुढे येतं. हवा विरळ, उष्मा भयंकर, यानाचा कप्तान कर्क याला धाप लागते. तर्काची पूजा करणाऱ्या या लोकांना दर सात वर्षांनी विणीच्या काळात वेड लागतं आणि लग्न ठरतं ते द्वंद्वातून, हे इथेच कळलं. माझ्या मते हीच या ग्रहाची खरी जन्मकथा. तोवर व्हल्कन लोक नुसते थंड वाटत होते. त्यांनी थंडपणा ठरवून पत्करलाय, कारण आत वणवा आहे, हे या भागाने दाखवलं. सुराक या त्यांच्या प्राचीन तत्त्वज्ञाचं पात्र १९६९मध्ये आलं आणि त्या वणव्याला रक्तरंजित इतिहासही मिळाला.

बोटांची ती प्रसिद्ध खूणही याच भागातली: तळहात समोर, बोटं दोन-दोन जुळवलेली आणि मध्ये फट. ती स्पॉकचं काम करणाऱ्या लिओनार्ड निमॉयने आणली. लहानपणी बॉस्टनच्या सिनेगॉगमध्ये पुरोहितांना आशीर्वाद देताना हात तसा धरलेला त्याने चोरून पाहिला होता. परग्रहाचा नमस्कार ज्यू प्रार्थनास्थळातून आला, हे कुठल्याही तबकडीपेक्षा मला अधिक नवलाचं वाटतं.

चंद्राचा घोळ मात्र मिटला नाही. १९७३च्या अॅनिमेशन मालिकेत पटकथाकार डी. सी. फोंटाना यांनी स्पॉकचं बालपण आणि त्याचं शहर उभं केलं, पण चित्रकारांनी आभाळात एक भलामोठा गोल काढून ठेवला. १९७९च्या चित्रपटातही तेच. चाहत्यांनी तो जोडग्रह ठरवून टाकला. चित्रपटाच्या २००१च्या सुधारित आवृत्तीत ते गोल पुसून टाकण्यात आले.

व्हल्कनचा सूर्य म्हणजे आकाशातला नेमका कोणता तारा, हाही वाद होता. काही जण एप्सिलॉन एरिडॅनी म्हणत, काही ४० एरिडॅनी. जुलै १९९१मध्ये ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकात एक पत्र छापून आलं. सही करणारे तिघे हार्वर्ड-स्मिथसोनियनचे खगोलशास्त्रज्ञ आणि चौथा रॉडनबेरी. युक्तिवाद साधा होता: एप्सिलॉन एरिडॅनीचं वय जेमतेम १०० कोटी वर्षं, एवढ्यात तर्कशुद्ध प्राणी घडत नाहीत. ४० एरिडॅनीचा मुख्य तारा ४०० कोटींचा, म्हणजे आपल्या सूर्याच्या जवळपास, तेव्हा व्हल्कन तिथेच. वयांचा आधार होता ताऱ्यांच्या चुंबकीय हालचालींवर १९६६पासून ठेवलेल्या नोंदी, म्हणजे मालिकेच्याच वयाच्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रॉडनबेरी वारला.

४० एरिडॅनी सुमारे १६ प्रकाशवर्षांवर आहे. नारिंगी मुख्य तारा, सोबत एक श्वेत बटू आणि एक लाल बटू. हिवाळ्यात मृग नक्षत्राच्या पश्चिमेला, शहराच्या दिव्यांपासून लांब गेलं तर तो नुसत्या डोळ्यांनीही अंधुक दिसतो.

नावाला मान्यता मिळवायचा एक प्रयत्न २०१३मध्ये झाला. प्लूटोच्या दोन नव्या चंद्रांसाठी लोकांकडून मतं मागवली होती. कर्कचं काम करणाऱ्या विल्यम शॅटनरने व्हल्कन सुचवलं आणि तेच पहिलं आलं. आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने नाकारलं. एक तर प्लूटोच्या चंद्रांना पाताळातलीच नावं देतात, आणि दुसरं, हे नाव आधीच वापरून झालंय. म्हणजे ल व्हेरिएचा कधीच नसलेला ग्रह आडवा आला!

२०१८मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी ४० एरिडॅनीच्याच मुख्य ताऱ्याभोवती ग्रह असल्याचं जाहीर केलं. पृथ्वीच्या साडेआठ पट वस्तुमान, ४२ दिवसांचं वर्ष. त्यांच्या सर्वेक्षणाचं नाव, गंमत म्हणजे, ‘धर्म’. ‘व्हल्कन सापडला’ असे मथळे जगभर झळकले. ग्रह कुणी पाहिला नव्हता. ग्रहाच्या ओढीने तारा मागेपुढे डुलतो, तसं डुलणं दिसलं म्हणून तो ताडला होता. शंका तेव्हाही होती, कारण ताऱ्याला स्वतःभोवती फिरायलाही साधारण ४२ दिवसच लागतात. २०२४मध्ये अॅरिझोनातल्या किट पीकवरच्या नीड या उपकरणाने केलेल्या अधिक बारीक मोजमापांतून निष्पन्न झालं की ते डुलणं ताऱ्याच्या पृष्ठभागावरच्या घडामोडींचा भास होता.

तसाही ४२ दिवसांच्या कक्षेतला ग्रह व्हल्कन लोकांनासुद्धा सोसवणार नाही इतका तापला असता. पाणी द्रवरूपात राहील असा पट्टा ताऱ्यापासून बराच लांब आहे, आणि तिथे पृथ्वीएवढा ग्रह असला तर तो पकडण्याइतकी ही मोजमापं अजून बारीक नाहीत.