पॉप केल्याने स्टॅकमधली किंमत पुसली जात नाही

स्टॅक म्हणजे प्रोग्राम तात्पुरत्या किंमती ठेवतो तो मेमरीचा भाग; ‘पुश’ त्यावर किंमत ठेवते, ‘पॉप’ सगळ्यात वरची किंमत उचलते. ‘पॉप केलं की किंमत स्टॅकमधून नाहीशी होते’ असं नवशिक्यांना सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. एक्स८६-६४ प्रोसेसरवर ‘पुश आरएएक्स’ आधी आरएसपी (स्टॅकच्या टोकाचा पत्ता ठेवणारं रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधली छोटी जागा) ८ ने कमी करते, मग त्या पत्त्यावर आरएएक्स या रजिस्टरमधले ८ बाइट लिहिते. ‘पॉप आरबीएक्स’ तेच ८ बाइट आरबीएक्स या रजिस्टरमध्ये वाचते आणि आरएसपी ८ ने वाढवते, एवढंच. डीबगरमध्ये (चालू प्रोग्राम थांबवून त्याची मेमरी दाखवणारं साधन) पॉपनंतर लगेच आरएसपी उणे ८ हा पत्ता उघडून पाहा: जुनी किंमत तिथेच असते. पुढच्या पुशने किंवा ‘कॉल’ने (फंक्शन बोलावणारी सूचना) ती पुसली जाते, त्यामुळे तिच्या भरवशावर राहू नका. पासवर्ड ठेवला असेल, तर पॉप करण्याआधी त्या जागी स्वतः शून्य लिहा.

खरा घोळ पॉप विसरल्यावर होतो. ‘रेट’ (फंक्शनमधून परत नेणारी सूचना) परतीचा पत्ता समजून ती पुश केलेली किंमतच उचलते आणि प्रोग्राम बहुतेक वेळा कोसळतो.