फिल्म कमिशनर आणि लोकेशन मॅनेजर एक नव्हेत, आता तरी लक्षात घ्या

परवा ओळखीतला एक मुलगा म्हणाला, "दादा, मला शूटिंगसाठी लोकेशनं शोधायची जाम आवड आहे, कुठेही गेलो की जुने वाडे, पडके पूल यांचे फोटो काढत फिरतो, तर फिल्म कमिशनर व्हायला काय करावं लागेल?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की शेवटी एकदा नीट लिहूनच टाकतो. आवड लोकेशनांची असेल तर लोकेशन मॅनेजर हो बाबा. कमिशनरचं काम वेगळं आहे, ते करायला वेगळा माणूस लागतो.

लोकेशन मॅनेजर सगळ्यांना माहीत आहे. स्क्रिप्ट वाचायची, रेकी करायची म्हणजे आधी जाऊन जागा बघून यायच्या, मालकाशी भाडं ठरवायचं, एनओसी गोळा करायच्या, व्हॅनिटी (कलाकारांची गाडी) आणि जनरेटर कुठे उभा करायचा ते बघायचं, पॅकअपनंतर जागा होती तशी परत करायची. पैसे प्रोडक्शन, म्हणजे सिनेमा काढणारी कंपनी, देते. यावर जास्त लिहीत नाही.

कमिशनर हा शहराचा माणूस. न्यूयॉर्कचं उदाहरण घेतो कारण तिथे हे पद सगळ्यात स्पष्ट दिसतं. १९६६ मध्ये महापौर जॉन लिंडसे यांनी फक्त सिनेमावाल्यांसाठी एक ऑफिस काढलं. त्याआधी रस्त्यावर शूट करायचं तर या खात्यातून त्या खात्यात चकरा मारायला लागायच्या, ते सगळं एका परमिटवर आणलं आणि पोलिसांचं एक वेगळं पथकही शूटिंगसाठी दिलं. त्या ऑफिसचा प्रमुख म्हणजे कमिशनर. आपल्याकडे 'कमिशनर' म्हटलं की पोलीस नाहीतर मनपा आयुक्त डोळ्यासमोर येतात, आणि 'कमिशन' म्हटलं की टक्केवारी. एकाने तर मला सरळ विचारलं होतं की किती टक्के घेतात हे लोक. एक पैसाही घेत नाहीत, पगार सरकारी असतो, आणि प्रोडक्शनकडून काही घेतलं तर तो भ्रष्टाचार होतो.

बरं, एक जण परवानगी मागतो आणि दुसरा देतो, एवढाच फरक आहे असं बरेच जण धरून चालतात. हे अर्धवट आहे. न्यूयॉर्कमध्ये परमिट त्या ऑफिसातूनच निघतं हे खरं, पण कितीतरी शहरांत कमिशनरच्या हातात सहीच नसते, तो पोलीस, फायर ब्रिगेड, बागखातं यांना एका टेबलाशी बसवतो, बस. तेव्हा सहीवरून ओळखायला जाऊ नका.

खरा फरक आहे तो काम कधी सुरू होतं आणि कधी संपतं, यात. इथेच सगळे अडखळतात. लोकेशन मॅनेजरला शहर आयतं मिळतं, निर्मात्याने ठरवलेलं असतं, त्याला त्या शहरातलं घर शोधायचं असतं. कमिशनरचं काम त्याच्या आधीचं, निर्माता तीन-चार शहरांमध्ये घुटमळत असतो तेव्हाचं. 'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकन मालिकेची गोष्ट मूळ कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडमध्ये घडणार होती, ती न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला गेली ती तिथे खर्चावर २५ टक्के परतावा मिळत होता म्हणून. वाळवंट आवडलं, उजेड छान होता, हे सगळं नंतरचं. आणि तो परतावा राज्याचा होता, शहराचा नव्हे! शहराच्या कमिशनरला सबसिडी वाटणारा समजणाऱ्यांनी हे दोनदा वाचा. त्याच्या खिशात बहुतेक वेळा पैसे नसतात, त्याला फक्त राज्याची योजना तोंडपाठ असावी लागते आणि हॉटेलं, गोडाऊनं, सुतार, लाइटमन आपल्या गावात किती आहेत ते निर्मात्याने विचारायच्या आत सांगता यावं लागतं.

आता दुसरं टोक. त्याच मालिकेतलं हिरोचं घर म्हणजे एका कुटुंबाचं खरंखुरं राहतं घर. त्यातल्या एका सीनमध्ये पिझ्झा छपरावर फेकलाय, म्हणून मालिका २०१३ ला संपल्यावरही लोक लांबून यायचे आणि त्या छपरावर खरे पिझ्झे फेकायचे. २०१५ मध्ये मालिकेच्या निर्मात्याला, विन्स गिलिगनला, जाहीरपणे सांगावं लागलं की असं करू नका, आणि २०१७ मध्ये घरवाल्यांनी शेवटी लोखंडी कुंपण घातलं. लोकेशन मॅनेजरचा त्या घराशी करार कधीच संपलेला होता, त्याने नियमाप्रमाणे सगळं केलं असणार, माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण शूटिंगला शहर विकलं की त्याच्यामागून असं काय काय येतं, आणि ते युनिटबरोबर ट्रकमध्ये भरून जात नाही, गल्लीतच राहतं.

म्हणूनच कमिशनरला नाही म्हणता यावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये एखाद्या भागात फारच शूटिंग झाली, लोकांना गाड्या लावायला जागा मिळेना, रात्री झोपू देईनात, की ते ऑफिस त्या भागाला काही काळ परमिट देणं बंद करतं, ब्रुकलिनमध्ये हे झालेलं आहे. लोकेशन मॅनेजर स्वतःहून असं कधी करेल का? करूच शकत नाही, त्याची नोकरीच उद्याचं शूट होण्यावर आहे.

मी स्वतः काही वर्षं लोकेशनचं काम केलंय, साताऱ्याकडे. एका वाड्यात कॅमेऱ्याच्या ट्रॉलीचे रूळ टाकले, सकाळी आजींनी शेणाने सारवलेलं अंगण दुपारपर्यंत पार उखडलं. मी प्रोडक्शनकडून पैसे घेऊन दिले, सारवून दिलं, आजींनी चहा पाजला, मला वाटलं मिटलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या युनिटबरोबर गेलो तर शेजारच्या चार घरांनी दार उघडलं नाही, कारण त्यांच्या बोळात तीन दिवस जनरेटर धडधडत होता आणि त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. चूक माझी होती का? माझ्या कागदावर ती चार घरं नव्हतीच. ती ज्याच्या कागदावर असायला हवीत तो माणूस म्हणजे कमिशनर, आणि तिथे तसा कोणी नव्हता. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

करिअरचं थोडक्यात. तिकडे न्यूयॉर्कला कमिशनर महापौर नेमतो, त्यामुळे महापौर बदलला की खुर्ची जाऊ शकते. कॅथरीन ऑलिव्हर २००२ ते २०१३ न्यूयॉर्कच्या कमिशनर होत्या, म्हणजे महापौर ब्लूमबर्ग होते तोवर, आणि त्या आल्या होत्या रेडिओ-टीव्हीतून. काही जण लोकेशन मॅनेजरचे कमिशनर होतात, घोळ तिथूनच सुरू होतो बहुतेक. १९७५ पासून फिल्म कमिशनर लोकांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, एएफसीआय, ती कोर्सही घेते. पण माझ्या मते कोर्सपेक्षा रहिवाशांच्या मीटिंगमध्ये दोन तास शिव्या ऐकून घेता येतात का ते आधी बघा.

आणि हे पद मुंबईत शोधत बसू नका. आपल्याकडे हे काम राज्याकडे आहे, गोरेगावची चित्रनगरी चालवणारं महामंडळच शूटिंगच्या परवानग्यांची एक खिडकी बघतं, गोव्यात एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा बघते, परदेशी निर्मात्यांसाठी केंद्राचं वेगळं ऑफिस आहे. त्या मुलाला मी हेच सांगितलं, सरकारी फायली आणि लोकांची भांडणं चालणार असतील तर या तीन ठिकाणी चौकशी कर, पडक्या पुलांचे फोटोच काढायचे असतील तर माझ्या ओळखीचा एक लोकेशन मॅनेजर असिस्टंट शोधतोय.